पांढरीचा मलबा

मृगाला अजून दोन दिवस होते, पण रात्री तासभर पाऊस चांगलाच कोसळला. सकाळी ओट्यावर आलो तर दारासमोरच्या रेतीच्या ढिगाला घळी पडल्या होत्या आणि कडेची नाली चहाच्या रंगाच्या पाण्याने काठोकाठ वाहत होती. आत्या त्या नालीवर वाकून काचेची बरणी भरून घेत होती. बरणी तिने ओट्यावर ठेवली, पदराला हात पुसले आणि मलबा भरून निघालेल्या ट्रॅक्टरपुढे जाऊन उभी राहिली.

वाशिमच्या जुन्या वस्तीतलं आमचं घर पाडायला काढलं, त्याच्या चौथ्या दिवसाची ही गोष्ट. घराचा मागचा भाग आजोबांच्या वेळचा. पांढऱ्या मातीच्या दीड हात रुंद भिंती, सागवानी नाटा, वर धाबं. पुढचा भाग वडिलांनी बांधलेला. विटा, सिमेंट, हजार चौरस फुटांचा स्लॅब.

आत्याने तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. आमचे ठेकेदार तिच्याच वर्गातून पुढे गेलेले. मिस्त्रीच्या हाताखाली रेती चाळण्यापासून सुरुवात करून आज त्यांच्याकडे स्वतःचं मिक्सर आणि दोन ट्रॅक्टर आहेत. दोघांचं बोलणं त्या दिवशी सकाळी सुरू झालं ते दिवे लागेपर्यंत पुरलं. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते, म्हणून ते जसं झालं तसं लिहितो आहे.

“कुठे चालला हा ट्रॅक्टर?”

“नाल्याकडे, बाई. काठाले मोठा खड्डा हाये. सारेच टाकतात तिथी. भरला तं बरंच होईन, ढोरं पडाची नाई त्यात.”

“तो खड्डा नाही, बाळा. ते नाल्याचं अंग आहे. पूर आला की पाणी तिथे पसरतं. तू तिथे भर घातलास की तेच पाणी समोरच्या काठावरच्या घरात शिरतं. थांबव ट्रॅक्टर.”

“बाई, चार खेपा आजच काढल्या नाई तं उद्या खोदकाम कुठी करू? मजूर बसून राहीन. पाऊस लागला की सारं फसन.”

“म्हणूनच म्हणते, पाऊस लागायच्या आधी बोलू. ही बरणी बघ.”

ठेकेदारांनी बरणीकडे पाहिलं. तळाशी बोटभर रेती बसली होती. वरचं पाणी जसंच्या तसं तांबूस-काळपट.

“पावसाचं पानी गढूळच राहनार, बाई. ते काई दुधासारखं पांढरं येते का?”

“रेती लगेच बसली, दिसली ना? दहा-बारा सेकंदांत तळ गाठते ती. आपली काळी माती तशी नाही. तिचा कण रेतीच्या कणाच्या पन्नासाव्या हिश्श्याहूनही बारीक असतो. वीतभर खाली जायला त्याला दिवस लागतो, आणि पाणी हलतं असेल तर तो बसतच नाही. म्हणजे हे पाणी पुढच्या तळ्यापर्यंत, धरणापर्यंत असंच जाणार. तिथे पाणी थांबेल आणि मग ही माती बसेल.”

“माह्या एका प्लॉटची माती ते कितीक? सारं शिवार वाहते पावसाळ्यात. सोयाबीनच्या वावरातून जेवढी माती जाते, तिच्यापुढे माहा ढीग म्हंजे चिमूटभर. मंग त्या शेतकऱ्यायले काहून नाई म्हनत तुमी?”

हा प्रश्न मला बरोबर वाटला. आत्यालाही वाटला असावा, कारण ती लगेच बोलली नाही. ओट्यावर बसली.

“वजनात मोजलं तर तुझं खरं आहे. पण वावरात महिन्याभरात पीक उभं राहतं, माती झाकली जाते. तुझा प्लॉट सहा-आठ महिने उघडाच. वर मजुरांचे पाय, ट्रॅक्टरची चाकं, रोज नवी भुसभुशीत माती. आणि मला सांग, तुझ्या वडिलांच्या वावराच्या कडेला काय होतं?”

“धुरा.”

“धुरा कशाला घालत होते ते?”

“माती अडवाले.”

“मग तुझ्या या प्लॉटचा धुरा कुठे आहे? उतार सरळ नालीत. दोन हजार चौरस फुटांचा प्लॉट. एका रात्रीत पन्नास मिलिमीटर पाऊस पडला, तर नऊ हजार लिटरच्या वर पाणी झालं. जवळपास दोन टँकर. काही मुरेल, पण काळी माती एकदा भिजून फुगली की मुरणं थांबतं. उरलेलं सगळं पाणी तुझी रेती, तुझं सिमेंट, रंगाचे पोपडे, गोण्यांचे धागे घेऊन त्या नालीत जाणार.”

ठेकेदारांनी ट्रॅक्टरवाल्याला हाताने खूण केली. इंजिन बंद झालं.

ज्या गावाबद्दल हे बोलणं चाललं होतं, ते तळ्यांचं गाव आहे. वाकाटकांच्या काळी हे वत्सगुल्म होतं, त्यांच्या एका शाखेची राजधानी. इथे एकशे आठ तीर्थं होती असं परंपरा सांगते. पद्मतीर्थ आणि देवतळं आजही गावाची ओळख आहेत. जिल्हा नवा, १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला. त्याची जमीन मात्र मोठ्या जबाबदारीच्या जागी बसली आहे. जिल्ह्याच्या डोंगररांगेवरून पाणी दोन दिशांना वाटलं जातं. आत्याने हाच धागा धरला.

“आपण कुठे राहतो ठाऊक आहे ना? माथ्यावर. उत्तरेच्या उतारावरचं पाणी काटेपूर्णेत जातं, तिथून पूर्णेत, तापीत, अरबी समुद्रात. वाटेत महानचं धरण आहे आणि ते पाणी अख्खं अकोला शहर पितं. दक्षिणेचं पाणी पैनगंगेत, वर्धेत, प्राणहितेत, गोदावरीत, थेट बंगालच्या उपसागरात. आपल्या गावाला वरून वाहत येणारी मोठी नदी नाही. आपल्याला कुणी गढूळ पाणी पाठवत नाही. आपणच सगळ्यांच्या वरचे.”

“अकोल्याच्या धरनात माह्या रेतीचे दोन घमेले जाईन, त्यानं काय होते?”

“दोन-तीन वर्षांमागे उन्हाळ्यात तुझे ट्रॅक्टर कुठे लागले होते?”

ठेकेदार थोडे थांबले. “तलावातला गाळ काढाले.”

“कशासाठी?”

“तलाव भरला होता गाळानं. पानी राहत नव्हतं.”

“उन्हाळ्यात जेसीबी लावून, डिझेल जाळून गाळ काढायचा आणि पावसाळ्यात नालीवाटे तोच पुन्हा पाठवायचा. सरकारने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ साली काढली ती चांगलीच आहे. पण गाळ काढण्यापेक्षा तो येऊ न देणं स्वस्त, की नाही?”

“स्वस्त कोनाले, बाई?” ठेकेदारांचा आवाज पहिल्यांदा चढला. “गाळ काढाले सरकार पैसा देते. गाळ अडवाले मले कोन देते? मी गोन्या लावल्या, खड्डा खोदला, मलबा निवडला, चार मजूर दोन दिवस जास्त लावले. त्याचा पैसा मी दरात धरला, तं पुढचं काम दुसऱ्याले जाते. जो सारं नाल्यात टाकते त्याचा दर कमी. घरमालक दर पाहून काम देते. नाला पाहून कोनी देत नाई.”

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. मीही तीन ठेकेदारांचे दर घेतले होते आणि सगळ्यांत कमी दर यांचा होता.

आत्याने विषय बदलला नाही, पण वाट बदलली. “मिक्सर कुठे धुतोस?”

“इथीच. नालीवर.”

“हात दाखव.”

त्यांनी हात पुढे केले. बोटांच्या पेरांवर भेगा, नखांच्या कडा पांढऱ्या पडलेल्या, तळव्याची कातडी खरखरीत चामड्यासारखी. बांधकामावर आयुष्य काढलेल्या कुठल्याही माणसाचे हात असेच असतात.

“हे कशानं झालं?”

“सिमेंटच्या पान्यानं. चुनखडी अंगाले लागते. सुरुवातीच्या वर्सी तं रक्त येत होतं.”

“शुद्ध पाण्याचा सामू सात. सिमेंट धुतलेल्या पाण्याचा बाराच्या वर जातो. त्यात मासे जगत नाहीत, बेडकाची अंडी जगत नाहीत. तुझ्या हातांना जे होतं तेच त्या पाण्यात राहणाऱ्यांना होतं. फरक इतकाच, की तू संध्याकाळी हात धुऊन तेल लावतोस.”

ठेकेदार हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मिक्सर धुवाचं पानी खड्ड्यात घेता येईन, बाई. त्याले खर्च नाई. तेच पानी दुसऱ्या दिवसी मसाल्यात वापरता येते. वरचं नितळ घ्याचं, खालचा गाळ सुकला की फोडून भरनीत टाकाचा. पन हा मलबा? येवढ्या स्लॅबचं काय करू?”

गणित त्यांनीच तोंडी केलं. हजार चौरस फूट, पाच इंच जाडी. चार ब्रासच्या थोडं वर. वजन तीस टनांच्या आसपास. त्यावर विटा आणि प्लास्टर वेगळं.

आत्याजवळ उत्तर तयार होतं. “फोडायचा आणि नव्या स्लॅबमध्ये वापरायचा. दिल्लीत बुराडीला २००९ पासून मलब्यावर प्रक्रिया करणारा कारखाना आहे. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा जर्मनीची शहरं विटांचे ढीग झाली होती. बायांनी हातोड्या घेऊन विटा साफ केल्या, चुरा नव्या काँक्रीटमध्ये घातला आणि शहरं उभी केली. आपल्याला एक घर जमत नाही?”

“नाई जमत, बाई.” यावेळी ठेकेदार शांत होते. “इथी तुमचं चुकते. दिल्लीचा कारखाना दिल्लीले. मलबा जड अन् स्वस्त. भाड्यातच त्याची किंमत संपते. आपल्याजवळ अशी मशीन नाई. हातानं फोडलेल्या तुकड्याले जुनं सिमेंट चिकटून राहते, ते पानी पिते. विटेचा, प्लास्टरचा तुकडा मिसळला तं स्लॅब कमजोर. उद्या छत गळलं तं तुमी मलेच धरसान. माह्या हातून ते होनार नाई.”

त्यांचं म्हणणं नियमाला धरूनच होतं. भारतीय मानक ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीने जुन्या काँक्रीटपासून केलेल्या गिट्टीला परवानगी दिली आहे, पण मोजून. सळई नसलेल्या साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, एम-२५ पर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्के. आणि एम-१५ हून कमी ताकदीच्या, पायाखाली अंथरायच्या काँक्रीटमध्ये मात्र पूर्ण १०० टक्के. तीही चाळलेली, तपासलेली गिट्टी. हाताने फोडलेला मिसळ माल छतात घालणं हे धाडस नव्हे, निष्काळजीपणा आहे. आत्याने ते मानलं.

“बरं, छत नको. मग कुठे चालेल? तू सांग, तू जाणतोस.”

मला वाटतं, बोलण्याला वळण इथे मिळालं. तोवर ती शिकवत होती. आता तिने विचारलं आणि ठेकेदार सांगू लागले.

“पाहा, बाई. पाया खोदला की काळी माती निघन. ती घराखाली ठेवता येत नाई. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, फरशी उचलते. म्हनून आपुन ती काढतो अन् मुरूम भरतो. मुरूम कुठून येते? टेकडी फोडून. आता या विटायचे रोडे, काँक्रीटचे तुकडे हातोड्यानं बारीक केले, थर देऊन, पानी मारून, धुमसून बसवले, तं अर्धा मुरूम वाचते. अंगनात, गाडी लावाच्या जागी खाली डबर लागते. तिथी स्लॅबचे मोठे तुकडे चालन. अख्ख्या विटा साफ करून कंपाउंडले. सळई भंगारात जातेच, ते कोनी टाकत नाई. अन् जुने मिस्त्री तं विटायची भुकटी चुन्यात घालत होते, सुरखी म्हनत तिले. मलबा वापराचं आमाले नवं नाई.”

“मग आजवर केलं का नाही?”

“कारन सारं मिसळून पाडतो आपुन. जेसीबी लावला की तासाभरात घर खाली. वीट, माती, लाकूड, वायर, प्लॅस्टिक, सारा काला. तो काला निवडाले दहा मजूर लागतात. पाडतानाच क्रमानं पाडलं, पयले दारं-खिडक्या, मंग फरशी, मंग विटा, मंग स्लॅब, तं निवडाची गरजच नाई. दोन दिवस जास्त लागतात, बस.”

आत्याने मागच्या भागाकडे बोट केलं. तिथे आता फक्त मोकळी जागा होती. “आणि तो मलबा कुठे गेला?”

“तो कुठी मलबा होता, बाई? नाटा सुतारानं नेल्या. दारं तुमच्याच नव्या घराले लावाची हायेत. अन् पांढरी माती दोन शेतकऱ्यायनं आधीच सांगून ठेवली होती. पांढरीची माती वावरात टाकली की पीक चांगलं येते म्हनतात. बैलबंडी नाई, ट्रॅक्टर घेऊन आले अन् नेली.”

मी त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिलो. आजोबांनी बांधलेलं अर्धं घर एका दिवसात गिऱ्हाईक मिळून गेलं होतं. वडिलांनी बांधलेलं अर्धं घर चार दिवसांपासून दारात पडून होतं आणि त्याला नाल्याशिवाय वाली नव्हता. आपल्याकडे गावाला पांढरी म्हणतात, शिवाराला काळी. पांढरीची भिंत पडली की तिची माती काळीला मिळायची, आणि हा व्यवहार कुणी लिहून ठेवलेला नव्हता, तरी चुकत नव्हता. सिमेंट आलं, घरं पक्की झाली, ते हवंच होतं. पण भिंतीचं साहित्य बदललं तेव्हा तिच्या परतीची वाट आपण आखली नाही.

दुपारी चहा घेताना नियमांचा विषय निघाला. “नियम पुन्या-मुंबईले,” ठेकेदार म्हणाले. “इथी कोन पाहते?”

२०१६ साली केंद्र सरकारने बांधकाम व पाडकामाच्या कचऱ्याचे नियम केले. दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांहून जास्त मलबा करणाऱ्याने तो काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लॅस्टिक आणि विटा-मसाला असा वेगळा करावा, आराखडा द्यावा, असं त्यांत होतं. पुढे २०२५ साली नवे नियम निघाले, अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६. त्यांतली मोठी जबाबदारी २० हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांवर आहे. आमच्यासारखं घर अशा मोठ्या आकड्यांच्या खालून निघून जातं. मलबा रस्त्यावर किंवा नालीत टाकू नये, हे बंधन मात्र २०१६ च्या नियमांनीच लहानमोठ्या सगळ्यांवर घातलं.

“वाशिमात वीस हजार मीटरची बिल्डिंग किती असन?” ठेकेदार म्हणाले. “इथी सारी घरंच. एक-एक घर चिमूटभर. पन चिमटीचिमटीनं पोतं भरते, हे मलेही कयते, बाई.”

“आणि मोठी कामं करणाऱ्यांनी करून दाखवलंय,” आत्या म्हणाली. “शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात महामार्गाच्या भरावासाठी टेकड्या न फोडता तलाव-नाल्यांतला गाळ-मुरूम काढला. रस्त्याला माती मिळाली, तलावाला खोली मिळाली. ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून तो गाजला. एकाला नको असलेली माती दुसऱ्याला हवी असते. दोघांची गाठ घालून द्यायला कुणीतरी लागतं, बस.”

“मंग ती गाठ नगरपरिषदेनं घालावी. बांधकामाच्या परवानगीच्या कागदावर एक ओळ टाकावी, मलबा कुठी जानार, पानी कसं अडवनार. गावात एक जागा ठरवून द्यावी. सारेच ठेकेदार त्या ओळीनं बांधले गेले, तं माहा दर एकट्याचा वाढत नाई.”

मला हे पटलं. जिल्ह्यात वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीर या चार नगरपरिषदा, मालेगाव आणि मानोरा या दोन नगरपंचायती. प्रत्येकीने एक कुंपण घातलेली जागा द्यावी. नाल्यापासून लांब, उंचावर. सहा गावांनी मिळून वर्षातून काही दिवस क्रशर भाड्याने फिरवावा आणि निघालेली गिट्टी गल्लीतल्या रस्त्यांच्या खाली वापरावी. मोठ्या शहरांतल्या कारखान्याची वाट बघत बसण्यापेक्षा हे आपल्या आवाक्यातलं आहे.

पण ती ओळ येईपर्यंत काय? संध्याकाळी ठेकेदारांनी अंदाजपत्रकाचा कागद काढला आणि पहिल्यांदाच प्रश्न माझ्याकडे आला.

“भाऊ, तुमी बोला. बाई म्हनतात ते मी करतो. पन हे कोनाच्या खात्यात लिहू?”

दिवसभर मी या वादात श्रोता होतो. खरं तर तिसरा पक्ष मीच होतो. आमच्या गावात इमारती बिल्डर बांधत नाहीत, घरं घरमालक बांधतात. दर मी ठरवतो, मुदत मी लावतो, ‘लवकर उरका’ मी म्हणतो. फरशीचा रंग निवडायला मी दोन दुकानं फिरलो होतो. मलबा कुठे जाणार, हे एकदाही विचारलं नव्हतं. नाल्याकडे निघालेला तो ट्रॅक्टर ठेकेदारांचा होता, पण त्याला तिकडे माझ्या कमी दराने धाडलं होतं.

“माझ्या खात्यात,” मी म्हणालो.

त्यांनी सिमेंट आणि लोखंडाच्या खाली एक नवी ओळ लिहिली : मलबा निवड व पावसाळी बंदोबस्त. पुढे आकडा टाकला. तो आकडा आम्ही स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी धरलेल्या दगडाच्या खर्चाहून कमी होता.

दुसऱ्या दिवशी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत रेती भरून प्लॉटच्या खालच्या कडेला दोन थरांचा धुरा घातला. नालीच्या अलीकडे तीन फुटांचा खड्डा खोदला, पाणी आधी त्यात यावं, थांबावं आणि मगच पुढे जावं म्हणून. रेतीचा ढीग नालीपासून उचलून वरच्या अंगाला नेला, वर ताडपत्री टाकली. मिक्सर धुवायला वेगळा खड्डा, तळाला जुनं प्लॅस्टिक. पायाची काळी माती एका बाजूला, शेतकऱ्याला देण्यासाठी. रंगाचं प्लास्टर मात्र ठेकेदार त्याच मातीत टाकू पाहत होते, ते आत्याने थांबवलं. जुन्या तैलरंगात शिसं असायचं, ते वावरात जाऊ नये. ते गोण्यांत भरून वेगळं ठेवलं.

ओट्यावरची बरणी तशीच होती. चोवीस तास होऊन गेले तरी पाणी पुरतं निवळलं नव्हतं.

मृग लागला त्या रात्री पुन्हा पाऊस झाला. सकाळी ठेकेदार मजुरांच्या आधी आले. गोण्यांच्या धुऱ्याच्या अलीकडे चार बोटं माती साचली होती, खड्ड्याच्या तळाशी स्वच्छ रेतीचा थर होता. नालीतलं पाणी अजून गढूळ होतं, गल्लीत आणखी दोन बांधकामं चालू आहेत. पण आमच्या दारापुढच्या काठाला रेतीची ती रोजची जीभ नव्हती.

त्यांनी फावडं घेतलं, खड्ड्यातली रेती काढून ढिगावर टाकली आणि ओट्यावर उभ्या असलेल्या आत्याला हाक मारली.

“बाई, सहा घमेले निघाली. आजवर हे दर पावसाले नालीत जात होतं.”